शाब्दिक उदाहरणे : ‘मानू’पासून ताळ्यापर्यंत

क्ष² + ८क्ष − १९२० = ० हे समीकरण नुसते सोडवायला दिले, तर दहावीतली बहुतेक मुले ते सोडवतात. हेच समीकरण एसटीच्या वेगाच्या उदाहरणातून मांडायचे असले की पेन थांबते. गुण जातात ते बहुधा समीकरण तयार होण्याआधीच्या दोन-तीन ओळींमध्ये, आणि सराव मात्र सगळा समीकरणानंतरच्या पायऱ्यांचा झालेला असतो. म्हणून इथे जास्त जागा त्या आधीच्या ओळींना दिली आहे.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या गणिताच्या दोन लेखी परीक्षा असतात : भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती, प्रत्येकी ४० गुणांची आणि दोन तासांची. कॅल्क्युलेटर चालत नाही. शाब्दिक उदाहरणे मुख्यतः भाग १ मधल्या दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी आणि अर्थनियोजन या प्रकरणांवर येतात. भाग २ मध्ये त्रिकोणमितीत उंची आणि अंतराची उदाहरणे असतात. अज्ञात संख्यांसाठी इथे क्ष आणि य घेतले आहेत. वहीत एक्स आणि वाय लिहिले तरी पायऱ्या त्याच.

‘मानू’ची ओळ

‘मानू, एसटी = क्ष’ ही ओळ निरुपयोगी आहे. एसटीचे काय मानले? वेग, वेळ की अंतर? ‘मानू, एसटीचा मूळ वेग = ताशी क्ष किमी’ असे लिहायला हवे. राशी कोणती, कोणाची आणि कोणत्या एककात, या तिन्ही गोष्टी या ओळीत आल्याच पाहिजेत. एकक इथेच ठरले की पुढे तास आणि मिनिटे एकमेकांत मिसळत नाहीत.

शक्यतो प्रश्नात विचारलेलीच राशी क्ष मानावी. दुसरी एखादी राशी मानल्याने समीकरण सोपे होत असेल तर तसे करायला हरकत नाही. मात्र तेव्हा शेवटी क्षची किंमत आली की उत्तर आले असे समजून थांबू नका, कारण विचारलेली राशी अजून काढायची असते.

दोन अंकी संख्येच्या उदाहरणात सगळी मेख या ओळीतच असते. एका दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ११ आहे. अंकांची अदलाबदल केल्यास येणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी आहे. मूळ संख्या काढा.

मानू, दशकस्थानचा अंक क्ष आणि एककस्थानचा अंक य.
मूळ संख्या = १०क्ष + य
अदलाबदल केलेली संख्या = १०य + क्ष

मूळ संख्या ‘क्षय’ अशी शेजारी-शेजारी लिहिली की बीजगणितात तिचा अर्थ क्ष गुणिले य असा होतो आणि उदाहरण तिथेच फसते. पुढचे सरळ आहे :

क्ष + य = ११ … (१)
१०य + क्ष = १०क्ष + य + २७
९य − ९क्ष = २७
य − क्ष = ३ … (२)

(१) आणि (२) यांची बेरीज केली की २य = १४, म्हणून य = ७ आणि क्ष = ४. मूळ संख्या ४७. ताळा : ४ + ७ = ११, ७४ − ४७ = २७.

अदलाबदलीतला फरक नेहमी ९ च्या पटीत येतो, कारण तो ९(य − क्ष) असतो. प्रश्नातला आकडा उतरवताना ९ च्या पटीत नसेल तर प्रश्न पुन्हा वाचा, काहीतरी चुकीचे उतरले आहे. आणि ‘मोठी आहे’ हे वाचताना कोणती संख्या कोणापेक्षा मोठी ते बोट ठेवून पाहा. २७ नेहमी लहान संख्येच्या बाजूला मिळवायचे.

वेग, वेळ, अंतर : तीन रकान्यांचा तक्ता

एका एसटीने २४० किमी अंतर एकसमान वेगाने कापले. तिचा वेग ताशी ८ किमीने जास्त असता, तर तेवढ्याच अंतराला १ तास कमी लागला असता. एसटीचा वेग काढा.

समीकरणाकडे धावू नका. आधी कच्च्या कामात तक्ता करा.

मूळ प्रवास : अंतर २४०, वेग क्ष, वेळ २४०/क्ष
वेग वाढल्यास : अंतर २४०, वेग क्ष + ८, वेळ २४०/(क्ष + ८)

तीन रकान्यांपैकी दोन माहितीवरून भरले. तिसरा, म्हणजे वेळेचा, ‘अंतर भागिले वेग’ या नात्याने भरला. आता प्रश्नातली कोणती माहिती अजून वापरली नाही ते पाहा. ‘१ तास कमी’ ही उरली आहे. ती वेळेविषयी आहे, म्हणून समीकरण वेळेच्या रकान्यातून निघेल. तक्ता भरायला एकदा वापरलेली माहिती समीकरणासाठी पुन्हा वापरली, तर दोन्ही बाजू सारख्या होऊन ० = ० येते. असे आले की एखादे वाक्य वापरायचे राहिले आहे हे ओळखावे.

जास्त वेळ वजा कमी वेळ = फरक. हळू जाणाऱ्याला जास्त वेळ लागतो, म्हणून आधी २४०/क्ष :

२४०/क्ष − २४०/(क्ष + ८) = १
२४०(क्ष + ८) − २४०क्ष = क्ष(क्ष + ८)
१९२० = क्ष² + ८क्ष
क्ष² + ८क्ष − १९२० = ०

वजाबाकी उलटी मांडली तर शेवटी क्ष² + ८क्ष + १९२० = ० येते. त्याचा विवेचक ६४ − ७६८० ऋण आहे, म्हणजे वास्तव मुळेच नाहीत. वेगाच्या उदाहरणात विवेचक ऋण आला की सूत्र तपासण्याआधी वजाबाकीचा क्रम तपासा. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.

दुसरी नेहमीची चूक एककाची. प्रश्नात ‘१ तास’ऐवजी ‘४० मिनिटे’ असते, तर उजवीकडे ४०/६० म्हणजे २/३ लिहावे लागले असते. तिथे नुसते ४० लिहिले तर क्ष(क्ष + ८) = ४८ होऊन क्ष = ४ असे नीटस उत्तर येते. पूर्णांक आला म्हणून बरोबर वाटते, पण ताशी ४ किमी म्हणजे माणसाची चाल झाली. खरे उत्तर ताशी ४९.८ किमीच्या आसपास असते.

आता १९२० चे अवयव. गुणाकार १९२० आणि फरक ८ असलेल्या दोन संख्या हव्यात. १ × १९२०, २ × ९६० असे करत बसलात तर वेळ जातो. त्यापेक्षा असे करा : फरकाचा निम्मा ४, त्याचा वर्ग १६. १९२० मध्ये १६ मिळवले की १९३६, आणि १९३६ हा ४४ चा वर्ग. म्हणून हव्या त्या संख्या ४४ − ४ = ४० आणि ४४ + ४ = ४८. ही पूर्ण वर्ग पद्धतच आहे, फक्त कच्च्या कामात वापरलेली. बेरीज पूर्ण वर्ग आली नाही, तर पूर्णांक अवयव मिळणारच नाहीत. मग शोधत न बसता सरळ सूत्र वापरा.

क्ष² + ४८क्ष − ४०क्ष − १९२० = ०
क्ष(क्ष + ४८) − ४०(क्ष + ४८) = ०
(क्ष + ४८)(क्ष − ४०) = ०
क्ष = −४८ किंवा क्ष = ४०

वेग ऋण नसतो, म्हणून क्ष = −४८ अमान्य. हे कारण उत्तरपत्रिकेत लिहायचे असते. नुसती काट मारून पुढे जाऊ नका. ‘एसटीचा वेग ताशी ४० किमी’ हे उत्तर. ताळा : २४० ÷ ४० = ६ तास, २४० ÷ ४८ = ५ तास, फरक १ तास.

ताळा नेहमी प्रश्नातल्या वाक्यात टाकून करावा. स्वतः मांडलेल्या समीकरणात ४० टाकून काही कळत नाही. समीकरणच चुकीचे असेल तर त्याचे चुकीचे मूळ त्यात चपखल बसणारच.

धन मूळही अमान्य असू शकते

‘ऋण मूळ टाकायचे’ एवढेच पाठ केलेल्या मुलांची पंचाईत नळांच्या उदाहरणात होते. दोन नळ एकत्र सोडल्यास टाकी ४ तासांत भरते. मोठ्या नळाला एकट्याने टाकी भरायला लहान नळापेक्षा ६ तास कमी लागतात. लहान नळाला एकट्याने किती वेळ लागेल?

मानू, लहान नळाला क्ष तास लागतात. मोठ्या नळाला (क्ष − ६) तास. इथे तासांची बेरीज करायची नाही, आणि तासांची सरासरीही काढायची नाही. बेरीज होते ती एका तासात भरलेल्या भागांची :

१/क्ष + १/(क्ष − ६) = १/४

उजवीकडे ४ लिहिणे ही इथली सर्वांत मोठी चूक. चार तासांत पूर्ण टाकी, म्हणजे एका तासात पाव टाकी.

४(क्ष − ६ + क्ष) = क्ष(क्ष − ६)
८क्ष − २४ = क्ष² − ६क्ष
क्ष² − १४क्ष + २४ = ०
(क्ष − १२)(क्ष − २) = ०

दोन्ही मुळे धन आहेत. पण क्ष = २ घेतले तर मोठ्या नळाचा वेळ २ − ६ = −४ तास येतो, म्हणून ते अमान्य. क्ष = १२ घेतल्यास मोठ्या नळाला ६ तास, आणि १/१२ + १/६ = १/४. प्रत्येक मूळ आले की ते तक्त्यातल्या सगळ्या राशींमध्ये टाकून पाहायचे, एकट्या क्षचे चिन्ह पाहून निकाल द्यायचा नाही.

हे उत्तर सोडवण्याआधीच अंदाजाने ताडता येते. दोन्ही नळ सारखे असते तर प्रत्येकाला ८ तास लागले असते. म्हणजे लहान नळाला ८ पेक्षा जास्त आणि मोठ्याला ४ ते ८ च्या मधले तास लागणार. २ हे मूळ दिसताक्षणी बाद.

नाव आणि प्रवाह

एक नाव प्रवाहाच्या विरुद्ध २४ किमी आणि प्रवाहाच्या दिशेने ३६ किमी अंतर एकूण ६ तासांत जाते. तीच नाव विरुद्ध ४० किमी आणि दिशेने २४ किमी अंतर ७ तासांत जाते. संथ पाण्यातील नावेचा वेग आणि प्रवाहाचा वेग काढा.

मानू, संथ पाण्यात नावेचा वेग ताशी क्ष किमी, प्रवाहाचा ताशी य किमी. विरुद्ध दिशेने वेग क्ष − य, प्रवाहाच्या दिशेने क्ष + य.

२४/(क्ष − य) + ३६/(क्ष + य) = ६
४०/(क्ष − य) + २४/(क्ष + य) = ७

तिरकस गुणाकार करू नका, पसारा आवरत नाही. १/(क्ष − य) = म आणि १/(क्ष + य) = न माना. पहिले समीकरण ६ ने भागून ४म + ६न = १, दुसरे ४०म + २४न = ७. पहिल्याला ४ ने गुणा : १६म + २४न = ४. दुसऱ्यातून हे वजा केले की २४म = ३, म = १/८. ही किंमत ठेवून ६न = १/२, न = १/१२.

इथे थांबून ‘वेग १/८’ लिहिणारी मुले दरवर्षी असतात. व्यस्त अजून उलटायचा आहे : क्ष − य = ८, क्ष + य = १२. म्हणून क्ष = १०, य = २. ताळा : २४/८ + ३६/१२ = ३ + ३ = ६ आणि ४०/८ + २४/१२ = ५ + २ = ७.

श्रेढी : एक पद की सगळ्यांची बेरीज

पहिल्या महिन्यात १५० रुपये, मग दर महिन्याला आधीपेक्षा ५० रुपये जास्त बचत केली. किती महिन्यांत एकूण ७५०० रुपये जमतील?

‘एकूण’ म्हटले की पदांची बेरीज. ‘पंधराव्या महिन्यात किती’ असे विचारले की एकच पद. प्रश्नात या शब्दाखाली रेघ मारा, निम्म्या चुका तिथेच थांबतात. महिन्यांची संख्या ‘न’ मानली तर

न/२ [२ × १५० + (न − १) × ५०] = ७५००
न/२ (५०न + २५०) = ७५००
२५न(न + ५) = ७५००
न² + ५न − ३०० = ०
(न + २०)(न − १५) = ०

महिने ऋण नसतात, म्हणून न = १५. कंसातल्या ३०० − ५० चे २५० करताना ३५० होणे ही नेहमीची घसरण आहे, कारण (न − १) मधल्या १ ला ५० ने गुणताना वजा चिन्ह सुटते. ताळ्यासाठी शेवटचे पद काढा : १५० + १४ × ५० = ८५०. पहिल्या आणि शेवटच्या पदाची सरासरी ५००, गुणिले १५ = ७५००.

समीकरण सोडवताना

समीकरण बरोबर मांडले तरी चिन्हांनी घात होतो, विशेषतः सूत्र पद्धतीत. २क्ष² − ५क्ष − ४ = ० घ्या. आधी स्वतंत्र ओळीत लिहा : अ = २, ब = −५, क = −४. चिन्ह सहगुणकाचाच भाग आहे.

विवेचक = ब² − ४अक = (−५)² − ४ × २ × (−४) = २५ + ३२ = ५७

किंमती कंसात ठेवल्या की चूक होत नाही. कंस न ठेवता घाईत २५ − ३२ = −७ केले की ‘वास्तव मुळे नाहीत’ असा निष्कर्ष लिहून उदाहरण संपवले जाते. पुढे −ब म्हणजे +५ :

क्ष = (५ ± √५७)/४

भागाकाराची रेघ ५ आणि √५७ दोघांच्याही खाली हवी. फक्त वर्गमुळाखाली रेघ ओढली की उत्तर बदलते.

दोन चलांच्या समीकरणांत सहगुणकांची अदलाबदल दिसली, तर लोप करण्यासाठी मोठमोठे गुणाकार करू नका. २३क्ष + २९य = १२७ आणि २९क्ष + २३य = १३३. बेरीज करून ५२ ने भागा : क्ष + य = ५. दुसऱ्यातून पहिले वजा करून ६ ने भागा : क्ष − य = १. क्ष = ३, य = २. क्रेमरची पद्धत प्रश्नात मागितली असेल तेव्हाच वापरावी. तिथे तीन निश्चयक काढावे लागतात आणि प्रत्येकात चिन्ह चुकायला जागा असते.

सूट आणि जीएसटी

क्रम महत्त्वाचा : आधी सूट, मग कर. छापील किंमत २००० रुपये, सूट १०%, जीएसटीचा दर १८%. करपात्र किंमत २००० − २०० = १८०० रुपये. जीएसटी १८०० चा १८% म्हणजे ३२४ रुपये, त्यात सीजीएसटी १६२ आणि एसजीएसटी १६२. ग्राहक देणार २१२४ रुपये.

उलटे उदाहरण जास्त फसवते. करासह किंमत २१२४ दिली आणि करपात्र किंमत विचारली, तर २१२४ मधून त्याचेच १८% वजा करून १७४१.६८ काढतात. पण कर १८०० वर लागला होता, २१२४ वर नव्हे. करपात्र किंमत १०० तेव्हा करासह किंमत ११८, म्हणून २१२४ × १००/११८ = १८००.

उन्नत कोनाची आकृती

एका ठिकाणाहून इमारतीच्या टोकाचा उन्नत कोन ३०° दिसतो. इमारतीच्या दिशेने २० मीटर चालत गेल्यावर तो ६०° होतो. इमारतीची उंची काढा.

आकृतीत एकच गोष्ट सांभाळायची : इमारतीच्या जवळ मोठा कोन, लांब लहान कोन. ही जागा उलटली की पुढचे सगळे व्यर्थ. उंची उ आणि जवळच्या ठिकाणापासून इमारतीचे अंतर क्ष मीटर मानले तर

टॅन ६० = उ/क्ष, म्हणून उ = √३ क्ष
टॅन ३० = उ/(क्ष + २०), म्हणून √३ उ = क्ष + २०

पहिल्यातील उ दुसऱ्यात ठेवा : ३क्ष = क्ष + २०, क्ष = १०, उ = १०√३. √३ ची किंमत १.७३ घेतली तर उंची १७.३ मीटर. ही किंमत शेवटच्या पायरीतच ठेवा. आधी ठेवली की दशांशांचे गुणाकार वाढतात आणि √३ × √३ = ३ ही सोय हातची जाते.

ताळा भूमितीने होतो. दोन्ही निरीक्षणाची ठिकाणे आणि टोक यांच्या त्रिकोणात ६०° हा बाह्यकोन आहे, म्हणून टोकाशी ६० − ३० = ३०° उरतात. दोन कोन सारखे, म्हणजे त्यांच्यासमोरच्या बाजूही सारख्या. जवळच्या ठिकाणापासून टोकापर्यंतचे तिरके अंतर २० मीटर, आणि उंची २० × √३/२ = १०√३.